राज्याची प्रतीके शिकवताना: शेकरू, समई आणि आपली हिंगोली



‘राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल, राज्यवृक्ष आंबा, राज्यफूल ताम्हण.’ ही यादी चौथीची मुलं दोन मिनिटांत पाठ करतात. मीही कितीतरी वर्षं ती तशीच पाठ करून घेतली. सामान्यज्ञानाच्या पेपरात एक-दोन गुण पक्के, म्हणून आपणही खूश आणि पालकही खूश.

मागच्या वर्षी मात्र एका मुलाने मध्येच हात वर केला. “मॅडम, ताम्हण म्हणजे देवपूजेचं का?” सगळा वर्ग हसला, मीही हसले. नंतर लक्षात आलं की त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याच्या घरी ताम्हण आहे, ते तांब्याचं आहे आणि आजी त्यात देव धुते. ताम्हण नावाचं फूल त्याने कधी पाहिलंच नाही. खरं सांगायचं तर तोपर्यंत मीही ते फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलं होतं.

त्याच तासाला दुसरा प्रश्न आला, आणि हा लेख त्या प्रश्नामुळेच लिहिते आहे. “शेकरू आपल्याकडं कामून नाही? आपल्याकडं नाही तर मग ते आपलं कसं काय?”

या प्रश्नाचं उत्तर ‘पुस्तकात दिलंय म्हणून’ असं देता येतं. मी ते दिलं नाही, कारण उत्तर मला येत नव्हतं. दोन दिवस मागून घेतले आणि वाचायला बसले. जे सापडलं आणि वर्गात जसं मांडलं, ते तुमच्यासमोर ठेवते.

आधी शेकरूचं

शेकरू म्हणजे मोठी खार. शेपटीसकट जवळपास तीन फूट लांब. अंग तांबूस-तपकिरी, पोट फिकट. भीमाशंकरचं अभयारण्य तिच्यासाठीच प्रसिद्ध आहे. ती झाडावर राहते, झाडावरच काटक्यापानांचं घरटं बांधते आणि एका झाडावरून दुसऱ्यावर उडी मारत फिरते. जमिनीवर क्वचितच उतरते. म्हणजे तिला काय लागतं? एकमेकांना फांद्या टेकलेली उंच झाडं. रान सलग नसेल तर तिची वाटच तुटते.

हे सांगितल्यावर मी मुलांना खिडकीबाहेर बघायला लावलं. समोर सोयाबीन-तुरीची शेतं, बांधावर एखादी बाभूळ, लांब एक लिंब. “आता सांगा, इथून तिकडं शेकरू उडी मारून जाईल का?” उत्तर मुलांनीच दिलं. ‘शेकरू कुठे आढळतो’ ही एका ओळीची माहिती याच रीतीने भूगोलाचा धडा होते.

समुद्राकडच्या प्रतीकांचंही असंच आहे, ती मी फार ताणत नाही. २०२० मध्ये पांढरी चिप्पी हे राज्याचं कांदळवन वृक्ष ठरलं आणि २०२३ मध्ये पापलेट हा राज्यमासा. आमच्या वर्गात पापलेट कुणी खाल्लेलं नव्हतं. सिद्धेश्वर धरणाचे रोहू आणि कटला सगळ्यांना माहीत. खाडीच्या खाऱ्या चिखलात उभं राहणारं झाड नांगरलेल्या काळ्या रानात वाढलेल्या मुलाला समजावायचं तर चित्र किंवा व्हिडिओ हवाच. फुलपाखराचं मात्र जरूर सांगा. २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा मान मिळाला आणि असं फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. काळे मखमली पंख आणि त्यावर निळे ठिपके. त्याची अळी लिंबाच्या जातीच्या झाडांची पानं खाते. घरी कागदी लिंबाचं झाड असेल तर मुलांना पानांवर अळी शोधायला सांगा. ब्लू मॉरमॉनची नसली तरी त्याच्याच कुळातल्या कुणाची तरी सापडतेच.

हरियाल मात्र आपल्याकडे आहे

पालकांनी इथे थोडं थांबावं, कारण या कामाला एक रुपयाही लागत नाही.

हरियाल हे हिरव्या-पिवळ्या रंगाचं कबूतर. पाय पिवळे जर्द, खांद्याजवळ जांभळट पट्टा. वड, पिंपळ, उंबर यांची फळं हे त्याचं मुख्य खाणं. त्यामुळे गावात जुना वड किंवा पिंपळ असेल आणि त्याला फळं लागली असतील, तर सकाळी ऊन पडताना हरियालाचा थवा तिथे येण्याची चांगली शक्यता असते. हा पक्षी जमिनीवर फारसा उतरत नाही आणि पानांच्या रंगात इतका मिसळून जातो की डोळ्यांसमोर असून दिसत नाही.

जानेवारीतल्या एका सकाळी परिपाठाच्या आधी मी मुलांना मारुतीच्या पारावरच्या वडाखाली नेलं. पहिली दहा मिनिटं काहीच नाही. मुलं कुजबुजायला लागली, मलाही वाटलं आज फजिती होणार. मग वरून शीळ घातल्यासारखा आवाज आला, आणि एक मुलगी म्हणाली, “मॅडम, पान हललं, पण वारं नाही.” एकदा एक दिसला की मग डोळा बसतो. अकरा मोजले. एकजण म्हणाला, “हे तर आम्ही रोज बघतो, आम्हाला वाटलं पोपट आहेत.”

राज्यपक्षी रोज डोक्यावर बसत होता आणि आम्ही त्याला पुस्तकात शोधत होतो.

ताम्हणाचीही सोय आहे. त्याची जांभळी फुलं एप्रिल-मे-जूनमध्ये येतात, म्हणजे महाराष्ट्र दिनाच्या सुमारास झाड फुलावर असतं. मुळात हे ओढ्याकाठचं, पाणी मानणारं झाड, पण शहरांतून रस्त्याकडेला आणि बागांमधून लावलेलं दिसतं. उन्हाळ्यात मुलं मामाच्या गावाला जातात तेव्हा ‘जांभळ्या फुलांचं झाड दिसलं तर एक पाकळी वहीत ठेवून आणा’ असा अभ्यास द्या. पाकळी चुरगळलेल्या कागदासारखी असते, त्यावरून ओळख पटते. दोघांनी आणली, त्यातली एक ताम्हणाची निघाली.

समई कुणी पाहिली आहे?

आता ज्या प्रतीकाकडे आपण शिक्षकसुद्धा फार बघत नाही, ते. महाराष्ट्र शासनाची राजमुद्रा. घरी ऑनलाइन काढलेला सातबारा असेल तर त्यावर बघा. मध्ये समई आहे, कमळाच्या सोळा पाकळ्या आहेत आणि भोवती संस्कृत अक्षरं आहेत. मुलांना बहुतेक तीन सिंहांचं चिन्ह माहीत असतं. ते भारताचं. समई आपल्या राज्याची.

त्या अक्षरांचा अर्थ सांगितला की मुलं एकदम ताठ बसतात, कारण चौथीला शिवरायांचा इतिहास असतो. छत्रपती शिवाजी महाराजांची मुद्रा अष्टकोनी आणि संस्कृतात होती. त्या काळात दरबारी मुद्रा सहसा फारसीत असायच्या, म्हणून हे वेगळेपण मोठं. तिचा अर्थ असा: प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, सगळ्या जगाने वंदन करावं अशी ही शहाजींचा पुत्र शिवाजी याची मुद्रा लोकांच्या कल्याणासाठी शोभते. राज्याने मुद्रा ठरवताना हीच रचना घेतली. ‘शहाजींचा पुत्र शिव’ याच्या जागी फक्त ‘महाराष्ट्र राज्य’ आलं.

हे फळ्यावर दोन रकान्यांत लिहा आणि बदललेला भाग मुलांना शोधायला सांगा. राजाच्या नावाच्या जागी राज्याचं नाव का आलं असेल, असं मी विचारलं. एक म्हणाला, “आता राजा नाही ना.” नागरिकशास्त्राचं एक अख्खं प्रकरण त्या चार शब्दांत आलं.

पण समईच्या आधी आपल्याकडे काय होतं?

पुण्या-साताऱ्याच्या शिक्षकाला हा पुढचा भाग शिकवावा लागत नाही. आपल्याला शिकवावाच लागतो.

आपल्या शाळांत झेंडा २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला तर चढतोच, पण १७ सप्टेंबरलाही चढतो. दरवर्षी कुणीतरी विचारतं, “१५ ऑगस्टला स्वातंत्र्य मिळालं ना, मग हे पुन्हा काय?” आपण ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन’ असं सांगतो, गोळ्या-बिस्किटं वाटतो आणि शाळा सुटते.

१५ ऑगस्ट १९४७ ला हिंगोली भारतात नव्हती. आपला भाग हैदराबाद संस्थानात होता. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचं राज्य. संस्थानात सोळा जिल्हे होते: आठ तेलुगू, पाच मराठी आणि तीन कन्नड. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातलं एक गाव. या राज्याचा झेंडा पिवळा होता आणि मधोमध एक गोल. तो गोल म्हणजे कुलचा, भाकरीसारखी एक रोटी. दंतकथा अशी की पहिल्या निजामाला एका सूफी संताने कुलचे खाऊ घातले, त्याने सात खाल्ले, आणि संत म्हणाला की तुझं घराणं सात पिढ्या राज्य करील. दंतकथा ती दंतकथाच, हे मुलांना सांगावं. पण झेंड्यावर रोटी असू शकते हे ऐकून प्रतीक म्हणजे काय ते त्यांना जितकं चटकन कळतं, तितकं व्याख्येने कळत नाही.

राज्य वेगळं तसा पैसाही वेगळा. आपल्याकडे हाली सिक्का चालायचा आणि इंग्रजी मुलखात कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा हिशोब. आता नकाशा काढा. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेकडून पैनगंगा वाहते. नदीच्या पलीकडे वऱ्हाड, तिथे कारभार इंग्रजांचा. आज आपण पुसदला किंवा उमरखेडला लग्नाला जातो तेव्हा पुलावर कुणी अडवत नाही. त्या काळी सरहद्दीवर जकातीचे नाके होते, त्यांना करोडगिरी म्हणत. गावातली ऐंशी-नव्वदीतली माणसं आजही त्या काळाला ‘मोगलाई’ म्हणतात. मुलांना घरी पाठवा, ‘कलदार म्हणजे काय?’ असं पणजोबांना विचारायला सांगा. आमच्या वर्गात तिघांना उत्तर मिळालं, एकाच्या घरी तर पेटीतून जुनं नाणं निघालं. ते नाणं वर्गात आणू नका असं मी सांगितलं, हरवलं तर घरी काय उत्तर देणार! फोटो आणा म्हटलं.

पुढचं थोडक्यात. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली आणि सत्याग्रह सुरू झाला. या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे आधी शिक्षक होते. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, मग अंबाजोगाई. नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, म्हणजे आपल्या मुलांच्या ताई-दादांच्या गुणपत्रिकेवर ते असतं. नोव्हेंबर १९४७ मध्ये निजाम आणि भारत सरकार यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला. दुसरीकडे कासिम रझवीची रझाकार संघटना गावोगाव अत्याचार करत होती. अनेक कुटुंबं घरदार सोडून वऱ्हाडात गेली. स्टेट काँग्रेसचे कॅम्प सरहद्दीपलीकडे होते, उमरखेडला त्यातलाच एक. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य संस्थानात शिरलं आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. स्वातंत्र्य आपल्यापर्यंत यायला तेरा महिने लागले.

इथे एक गोष्ट जपून सांगते. वर्गात सगळ्या घरांतली मुलं बसलेली असतात. माझ्याही वर्गात मुस्लीम मुलं आहेत, आणि रझाकार हा शब्द आला की काही पोरं वळून त्यांच्याकडे बघतात. एका वर्षी मी ते पाहिलं आणि पुढे काय बोलावं ते मला सुचलं नाही. धडा तसाच पुढे नेला, त्याची रुखरुख अजून आहे. आता मी शोएबुल्ला खान यांची गोष्ट आधी सांगते. हैदराबादच्या ‘इमरोज’ या उर्दू वर्तमानपत्राचे ते संपादक. संस्थान भारतात सामील व्हावं असं ते उघड लिहीत होते, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्यांचा खून केला. विलीनीकरण अगदी महिन्याभरावर आलेलं. ही गोष्ट आधी सांगितली की रझाकार ही एक संघटना होती हे मुलांना वेगळं समजावावं लागत नाही, आणि मागच्या बाकावरचा मुलगा मान खाली घालून बसत नाही. पालकांनीही घरी हा विषय निघाला तर हे नाव जरूर सांगावं.

भारतात आलो, महाराष्ट्रात कधी आलो?

हेही मुलं गृहीत धरतात. १९४८ ला आपण भारतात आलो, पण राज्य हैदराबादच राहिलं. १ नोव्हेंबर १९५६ ला त्या राज्याचे भाषेप्रमाणे तीन भाग झाले आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. त्या राज्यात गुजरातीही होते, मराठीही होते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले, तेव्हा १ मे १९६० ला आजचा महाराष्ट्र झाला.

मुलांना मी असं सांगते: शाळेमागे राहणाऱ्या आजोबांनी घर न बदलता तीन राज्यं बदलली. आधी हैदराबाद, मग द्विभाषिक मुंबई, मग महाराष्ट्र. वर १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला, म्हणजे जिल्हासुद्धा बदलला. त्या आजोबांचा सातबारा तेवढा त्याच शिवारातला. १ मे हा आपल्यासाठी राज्याचा आणि जिल्ह्याचा, दोघांचाही वाढदिवस आहे. भाषणात याचा उल्लेख करायला आपण बरेचदा विसरतो.

मुलांनी काढलेली यादी

प्रतीक कुणीतरी ठरवतं, आणि त्यामागे कारण असतं. एवढं वर्गाला पटलं तेव्हा मी विचारलं, आपल्या जिल्ह्यासाठी तुम्ही काय ठरवाल? नियम एकच, कारण सांगायचं.

हळद सगळ्यात आधी आली. एप्रिल-मेमध्ये कढईत शिजवून अंगणात वाळत टाकलेली हळद मुलांनी नुसती पाहिलेली नाही, त्यांनी ती पसरलेली आहे. २०२४ मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. इथे फरक सांगायला संधी आहे: राज्यपक्षी शासन जाहीर करतं, भौगोलिक मानांकन मागावं लागतं. त्या मालाचे उत्पादक चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाकडे अर्ज करतात आणि आपल्या मालाचं वेगळेपण सिद्ध करतात.

दुसरं नाव नर्सीचं. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून ते मानलं जातं, जन्म १२७० चा. त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत, म्हणून पंजाबातून भाविक नर्सीला येतात. पंजाबातल्या घुमान गावी २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, ते नामदेवांच्या नात्यानेच. औंढा नागनाथचं देऊळही आलं. तिथे नंदी देवळाच्या मागे आहे. नामदेवांना कीर्तनासाठी मागे पाठवलं, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरलं, अशी आख्यायिका आहे. एका मुलाने ‘लायगो’ सांगितलं. औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी मोजणारी वेधशाळा होते आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा काटकोनात, त्याच्या काकांनी जागा दाखवली होती.

मतदान झालं आणि हळद जिंकली. पण एक मुलगी काहीच बोलली नव्हती. ती दिवाळीनंतर आईवडिलांसोबत ऊसतोडीला जाते आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येते. तिला विचारलं तर म्हणाली, “मॅडम, मी तर अर्धं वर्ष तिकडंच असते. तिकडचं सांगू का?” मग तिने कृष्णेकाठचे मळे सांगितले, लांब डोंगरावर दिसणारा किल्ला सांगितला, कोपीवर थंडीत पडणारं दव सांगितलं. महाराष्ट्र वर्गात सगळ्यात जास्त तिनेच पाहिलेला होता. सामान्यज्ञानाच्या पेपरात तिला दहापैकी तीन गुण होते, तो पेपर मीच तपासला होता.

शेवटच्या दिवशी राज्यगीत घेतलं. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राजा बढे यांचं गीत, संगीत श्रीनिवास खळे यांचं आणि आवाज शाहीर साबळे यांचा. १९ फेब्रुवारी २०२३ पासून ते राज्यगीत आहे आणि परिपाठात आपण ते म्हणतोच. गाण्यात नद्यांची नावं आहेत. मुलं म्हणाली, यात कयाधू नाही. मग नकाशावर बोट ठेवून निघालो. कयाधू पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीला जाते. गाण्यातली वरदा म्हणजेच वर्धा. दुसऱ्या बाजूने पूर्णा थेट गोदावरीला मिळते. ऊसतोडीवाल्या मुलीने कृष्णेवर बोट ठेवलं आणि ते खाली समुद्रापर्यंत नेलं. बाकीच्यांनी गोदावरीवरून आपलं बोट तिच्या बोटाजवळ आणलं. दोन्ही नद्या एकाच समुद्राला, जवळजवळ मिळतात हे मला त्या दिवसापर्यंत कधी सुचलं नव्हतं.